वाढत्या अंगाची खुर्ची

कमूच्या कपाळावर टेंगूळ आलं तेव्हा गाडीत आम्ही तिघंच होतो. मी, माझी बायको शाहजादी आणि तिच्या मांडीवर आमची दीड वर्षाची कमू. पण संध्याकाळपर्यंत ते टेंगूळ कसं आलं हे अख्ख्या पौडला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक झालं होतं. झालं एवढंच, की भुकूमच्या उताराला एक वासरू आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि कमू आईच्या मांडीवरून निसटून समोरच्या पत्र्यावर आदळली. ठक्क असा आवाज झाला. वासरू निवांत पलीकडे गेलं. 'ब्रेक मात्र झकास लागला,' असं मी बोलून गेलो. बोलायला नको होतं.

घरी आल्यावर शाहजादीनं पोरीच्या कपाळाला हळदीचा लेप लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता माझी पोरगी तुमच्या गाडीत बसायची न्हाई." सकाळपर्यंत जी 'आपली गाडी' होती ती 'तुमची' झाली आणि जी 'आपली पोरगी' होती ती 'माझी' झाली. वाटणी इतक्या झटपट झालेली मी पंचायत समितीच्या नोकरीत कधी पाहिली नव्हती.

त्यात शाहजादीच्या धाकट्या बहिणीचा निकाह तोंडावर आलेला. तो रिह्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला. "मी आन् कमू येष्टीनं जाऊ," तिनं जाहीर केलं. आता सासरच्या साऱ्या गोतावळ्यात चारचाकी असलेला मी एकटा जावई. गाडी तिसऱ्या हातानं आलेली जुनी फियाट असली तरी गाडी ती गाडी. जावई एकटाच गाडीतून उतरतो आणि मागून बायको लेकराला कडेवर घेऊन एस.टी.च्या धुरळ्यातून चालत येते, हे दृश्य डोळ्यांसमोर आलं की मला जेवण जाईना.

पण इज्जत ही नंतरची गोष्ट. खरं म्हणजे तो ठक्क आवाज माझ्या कानातून जात नव्हता. कचेरीत कुणी कागदावर शिक्का हाणला तरी मी खुर्चीतून उडायचो, आणि आमच्या कचेरीत शिक्का मारण्याशिवाय दुसरं काम नाही.

पौडच्या डॉक्टरांनी टेंगूळ दाबून पाहिलं आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. मग हात धुता धुता म्हणाले, "परदेशात लहान मुलांना गाडीत वेगळी खुर्ची असते, मुलाणी. पट्ट्यांची. पोर त्यात बांधून ठेवतात." मी म्हटलं, कशी असते? त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं चित्र काढून दिलं. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही हे सर्वांना माहीत आहे. त्यांचं चित्रही लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. ते उभं धरलं तर खुर्ची दिसायची आणि आडवं धरलं तर मेलेली शेळी.

ते चित्र घेऊन मी पुण्याला गेलो. लक्ष्मी रोडच्या एका मोठ्या दुकानात चित्र दाखवलं. दुकानदारानं ते आडवं धरलं, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "घरी पोराला मांडीवर घ्यायला कुणी नाही का?" मी म्हटलं, आहे. "मग खुर्ची कशाला?" एवढं म्हणून तो पेपर वाचायला लागला. दुसऱ्या दुकानात मला बाबागाडी दाखवली. तिसऱ्यात न्हाव्याच्या दुकानात पोरांना बसवायची फळी दाखवली. ती न्हाव्याच्या खुर्चीला छान बसते, फियाटला नाही.

आता मी सरकारी माणूस. जे करायचं ते रीतसर करावं, ही आमची खोड. म्हणून परतताना आर.टी.ओ.च्या कचेरीत डोकावलो. खिडकीतल्या साहेबांना म्हटलं, गाडीत पोरीसाठी खुर्ची बसवायची आहे, परवानगी लागते का? आपल्याच जातकुळीच्या माणसासमोर उभं राहण्याइतकी मानहानी दुसरी नाही. त्याच्या पुढच्या प्रश्नाचा वास आपल्याला आधीच येत असतो.

"आसनं किती होती?"

"पाच."

"म्हणजे आता सहा?"

"नाही साहेब. खुर्चीनं जागा अडते. कमीच होतील."

"आसनं वाढवायचा नियम आहे. कमी करायला लोक येत नाहीत." ते विचारात पडले. "मुलगी खुर्चीत नुसती बसणार?"

"नाही, पट्ट्यानं बांधणार."

"बांधणार?" त्यांचे डोळे लकाकले. "बांधून नेतात तो माल. प्रवासी बांधत नाहीत. आणि मालवाहतूक करायला तुमच्या खासगी गाडीला परवाना नाही."

मी म्हटलं, साहेब, माझी मुलगी आहे. ते म्हणाले, "ते घरी." आणि खिडकी लावून जेवायला गेले. तसं मीही जेवणाच्या वेळी लोकांना सांगत आलोय, पण खिडकीच्या या बाजूनं ते फारच लागतं.

घरी आमच्या घरमालकांची, जयसिंगरावांची, बैठक भरलेली. त्यांची वडिलोपार्जित भातशेती पोरं बघतात आणि स्वतः जयसिंगराव ओट्यावर बसून गावाला सल्ले देतात. "अन्वरभाय, खुर्चीबिर्ची सोडा," ते म्हणाले. "गाडीच्या टपाला आतनं झोळी बांधा. आमच्या सात पिढ्या झोळीत वाढल्या. झोळीतलं पोर कधी पडतंय व्हय?"

सल्ला माझ्या मनात भरला. पण पोरीवर प्रयोग नको म्हणून झोळीत एक लाल भोपळा ठेवला, जयसिंगरावांना शेजारी बसवलं आणि गावाबाहेर जाऊन ब्रेक दाबला. भोपळा झोळीतून निघाला, जयसिंगरावांच्या कानाजवळून गेला आणि काचेवर फुटला. ते मिशीतल्या बिया काढत म्हणाले, "झोळी जरा सैल बांधली तुमी." तो फुटलेला भोपळा शाहजादीनं पाहिला. त्या दिवशी जेवायला भोपळ्याचीच भाजी होती.

शेवटी मी कोंडाजी सुताराकडे गेलो. कोंडाजी बैलगाड्या करायचा. त्यानं डॉक्टरांचं चित्र उभं, आडवं आणि उलटं धरून पाहिलं, मग बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पोरगी केवढी?"

मी हातानं माप दाखवणार, तेवढ्यात माझी आई रहिमतबी मध्ये पडली. ती का आली होती ते मला माहीत नाही. पैसे जाणार असतील तिथं ती असतेच. "येवढीशीच हाय," अम्मा म्हणाली. "पन वाढत्या अंगाची कर रं बाबा. पोरगी काय येवढीच ऱ्हानार हाय?"

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची नसते, वाढत्या अंगाची असते. शाळेत माझी खाकी चड्डी पहिलीत पोटरीपर्यंत यायची आणि सातवीत मांडीपर्यंत गेली, चड्डी तीच. निकाहाची शेरवानी अम्मानं वाढत्या अंगाची शिवून घेतली, ती मला अजून बसायची आहे. अम्माच्या या तत्त्वापुढं मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशीही उघडलं नाही.

खुर्ची तयार झाली तेव्हा ती उचलायला चार माणसं लागली. बाभळीचं लाकूड, जाडजूड हात, उंच पाठ. रुंदी अशी की तालुक्याचे सभापती आरामात बसले असते. "पोरीच्या लग्नापत्तूर हलायची न्हाई," कोंडाजी अभिमानानं म्हणाला. लग्नात नवरदेवालाही शेजारी बसवता आलं असतं. कमूला आत ठेवलं तर ती दिसेनाशीच झाली, नुसता आवाज येत होता. मग तिच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीशी गोधड्या ठासल्या. माझा जुना एन.सी.सी.चा पट्टा आणि होमगार्डातल्या मित्राकडून मागून आणलेला दुसरा, असे दोन पट्टे दोन्ही खांद्यांवरून आडवे घेतले. कमूनं आधी आभाळ डोक्यावर घेतलं. मग तिला पट्ट्याचं पितळी बक्कल दिसलं. मी ते लख्ख घासलं होतं. ते तिनं तोंडात घातलं आणि रडणं थांबलं.

खुर्ची गाडीत बसवायला पिरंगुटहून वाल्मीक मिस्त्री आला. एरवी तो विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. खुर्ची दारातून आत जाईना म्हणून त्यानं दार काढलं. मग मागच्या सीटच्या पाठीतून आरपार भोकं पाडून डिकीत लोखंडी पट्टीला बोल्ट आवळायचे ठरलं. "डिकीत काय न्हाई ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. डिकीत स्टेपनी होती. पहिलं भोक पडलं तेव्हा डिकीतून जो लांबलचक सुस्कारा आला, तो ऐकून ओट्यावरचे जयसिंगराव उठून उभे राहिले. पट्टी बसल्यावर डिकीत स्टेपनीला जागाच उरली नाही, म्हणून ती निपचित पडलेली स्टेपनी पुढच्या सीटसमोर पायाशी ठेवली. दार पुन्हा बसवलं. ते बसलं, पण तेव्हापासून आतून उघडत नाही.

निकाहाच्या दिवशी सकाळी शाहजादी नवी साडी नेसून गाडीपाशी आली. पदर खोचला, एक पाय गाडीच्या पत्र्यावर रोवला आणि दोन्ही हातांनी खुर्चीला हिसडा दिला. सगळी गाडी हलली, खुर्ची हलली नाही. दुसरा हिसडा. मग पदर सोडून ती म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा फार मोठा होकार आहे. मला तर निकाह आपलाच असल्यासारखं वाटलं.

पुढं मी, माझ्या शेजारी आमंत्रणाचे मानकरी जयसिंगराव आणि कडेला, स्टेपनीवर पाय ठेवून अम्मा. मागं कमूची खुर्ची आणि उरलेल्या फटीत अंग चोरून शाहजादी. निघालो.

मुळशी तालुक्यात रस्त्यानं चारचाकी निघाली की ती एकट्याची राहत नाही. थांब्यावर माणूस दिसलं की थांबायचं, आणि गाडी भरली असली तरी मांड्या असतातच. जो गाडी पळवत पुढं नेईल त्याच्या मयतीला चार माणसं मिळायची नाहीत, अशी इथली समज आहे. पिरंगुटच्या थांब्यावर सारजाबाई डबा घेऊन उभी. रिह्याला दिलेली तिची लेक बाळंत झालेली, तिच्यासाठी डिंकाचे लाडू. थांबलो. सारजाबाईनं आत डोकावलं आणि हनुवटीला बोट लावलं. "अगं बया! या चिमनीला येवढं मोट्टं सिंव्हासन? आन् आई फटीत? द्या की तिला माज्या मांडीवर, आन् तुमी बसा ऐसपैस."

"न्हाई मावशी, ती तिथंच बरी," शाहजादी म्हणाली आणि आणखी आक्रसून बसली. सारजाबाई कशीबशी आत शिरली. आता गाडीत मुंगीला जागा नव्हती. सारजाबाई मात्र घोटवडं येईस्तोवर खुर्चीकडंच बघत होती. "निम्मी रिकामीच हाय की," ती दर वळणाला म्हणायची.

आणि घोटवड्यात, भर रस्त्यात हात आडवा करून मोहिद्दीनमामू उभे.

मोहिद्दीनमामू म्हणजे शाहजादीचे थोरले मामा, जवळच्याच चांदे गावचे. उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. शाहजादीचे वडील हयात नाहीत, त्यामुळं निकाहात नवरीचा होकार विचारून आणणारा वडीलधारा, ज्याला वकील म्हणतात, तो मामूच. त्यांची एस.टी. आलीच नव्हती. मामूंशिवाय निकाह लागायचा नाही, आणि मामू रुसले तर पुढच्या तीन पिढ्या रुसवा चालायचा.

"सरका रं," मामू म्हणाले आणि दार उघडलं. सरकायला कुठंच जागा नव्हती. त्यांनी गाडीभर नजर फिरवली. ती खुर्चीवर येऊन थांबली.

"हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं. टेंगूळ, डॉक्टर, कोंडाजी. मामूंनी खुर्चीचा हात दाबून पाहिला, पाठ थोपटून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "झ्याक केलीय! ह्यात मीच बसतो की. पोरगी माज्या मांडीवर. सोडा तिचं ते पट्टं."

गाडीत एकदम हायसं वाटलं. सारजाबाई म्हणाली, "मी मगाधरनं तेच म्हनतीया." जयसिंगराव म्हणाले, "दोन मैलांचा तर प्रश्न हाय." अम्मा म्हणाली, "बघ, वाढत्या अंगाची केली म्हनून आज कामाला आली." सगळ्यांना इतका आनंद झाला की तो मोडायचा म्हणजे पाप. मी खाली उतरलो, मागच्या दाराशी गेलो आणि कमूच्या छातीवरच्या बक्कलाला हात घातला.

शाहजादीनं फक्त माझ्या हाताकडं पाहिलं.

बक्कल ओलं होतं, कमूच्या लाळेनं. ती माझ्याकडं बघून हसली. कपाळावरचं टेंगूळ उतरलं होतं, पण अजून थोडं हिरवट दिसत होतं. आणि इतके दिवस कानात बसलेला तो ठक्क आवाज मला भर रस्त्यात पुन्हा ऐकू आला. मला एकदम भीती वाटली. सासरच्या माणसांची वाटते तसली नाही, वेगळीच.

"न्हाई जमायचं, मामू," मी म्हणालो.

"काय न्हाई जमायचं?"

"पोरगी खुर्चीतून निघायची नाही."

मामूंचा चेहरा काळा-निळा झाला. "म्हंजे त्या वीतभर पोरीला जागा, आन् नवरीच्या वकिलाला न्हाई? जावईबापू, मग मी हितंच ऱ्हातो. लावा तुमी निकाह!" आणि ते खरोखरच रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. दुसऱ्या कुणी उतरावं तर अम्माला चालवत नव्हतं. सारजाबाईची लेक वाट बघत होती. जयसिंगराव म्हणाले, "मी उतरलो असतो ओ, पन गुडघा..." आणि त्यांनी गुडघा असा काही धरला की जणू तो आत्ताच कुणीतरी दिला होता. राहता राहिला गाडीचा मालक.

आता ही फियाट मी कुणालाही चालवायला दिलेली नाही. सख्ख्या भावानं मागितली तेव्हा मी आजारी पडलो होतो. पण मामूंना ट्रक येत होता. मी दगडापाशी गेलो आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "तुम्ही चालवा. मी येतो मागनं चालत."

मामू किल्लीकडं बघत राहिले. मग उठले, स्टिअरिंगवर बसले आणि माझी गाडी माझ्याच तोंडावर धूळ उडवत निघून गेली. मागच्या काचेतून बाभळीची उंच पाठ तेवढी दिसत होती.

नवा कोट घालून मी रिह्याची वाट चालू लागलो. मळणीचे दिवस होते. मागून भाताच्या पेंढ्यांनी लादलेली एक बैलगाडी आली, गाडीवानानं वर घेतलं. पेंढ्यांवर बसल्यावर त्यानं विचारलं, "तुमी पौडचं गाडीवालं जावई न्हवं का? गाडी कुटं हाय?"

"पुढं गेली," मी म्हणालो.

"तुमाला सोडून?"

मी कोटावरची धूळ झटकली. बैल संथ चालले होते आणि माझा जीव खालीवर होत होता. मामू चालवतात कसे? उताराला गिअर टाकतात का? बक्कल मी पुन्हा नीट दाबलं होतं ना? "जरा हाणा की बैल," मी म्हटलं. "पेंढ्या सांडतील," तो म्हणाला. त्याच्या मालालाही पट्टे नव्हते.

रिह्याला पोचलो तेव्हा निकाह लागून गेला होता आणि पंगती उठत होत्या. दारातच मला माझ्या गाडीतली माणसं दिसली आणि मी चरकलो. जयसिंगरावांच्या कपाळाला हळद. सारजाबाईच्या कपाळाला हळद. अम्माच्या गुडघ्याला हळद. मधल्या गादीवर वकीलसाहेब मोहिद्दीनमामू, त्यांच्या नाकाला हळद, नाक एवढं मोठं. हळदीचा कार्यक्रम तर आदल्या दिवशीच झालेला. नवरदेवाकडची माणसं 'यांच्यात असं असतं वाटतं' अशा चेहऱ्यानं बघत होती.

"कमू?" मी ओरडलोच.

"गावच्या वळनाला म्हस आडवी आली," जयसिंगराव म्हणाले. "मामूंनी ट्रकचा ब्रेक मारला. सगळी उडालो बगा. लाडू गाडीभर."

"कमू कुठाय?"

शाहजादी आतून आली. तिच्याही भुवईवर हळद होती. तिनं मला अंगणात नेलं. चिंचेखाली माझी फियाट उभी होती, दारं सताड उघडी, पुढची काच तडकलेली. मागं खुर्चीत, गोधड्यांमध्ये कमू झोपली होती. तोंडात बक्कल, मुठीत डिंकाच्या लाडवाचा तुकडा. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. नवं काही नव्हतं. पुन्हा फिरवला. मग मी तिथंच मातीत बसलो, नव्या कोटासकट.

"उतरवतच न्हवती," शाहजादी म्हणाली. "सोडायला गेलं की भोकाड पसरती. तितंच घास भरवला." आणि माझ्यासमोर बिर्याणीचं ताट ठेवलं. गार झालेलं, पण वर दोन मोठे तुकडे होते. कुणासाठी तरी झाकून ठेवलेले.

दिवस कलल्यावर निघायची वेळ झाली. मामू नाक सांभाळत आले. "जावईबापू, त्या सुताराला सांगा, माज्यासाटी बी एक कर. पन मापाची. माजं अंग काय आता वाढायचं न्हाई." आणि सवयीनं स्टिअरिंगकडं वळले. त्यांचा हात दाराला लागायच्या आत शाहजादी पुढं झाली. तिनं मामूंच्या हातातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तुमी चालवा," ती म्हणाली. "आपली पोरगी झोपलीया."

सारजाबाई लेकीकडंच राहिली होती, तिच्या जागेत मामू शिरले. गाडी गल्लीतून बाहेर काढली तर थांब्यावर बोचकी घेऊन पाहुण्यांची ही रांग. एका म्हाताऱ्यानं हात केला, आत डोकावला, ती ऐसपैस खुर्ची पाहिली आणि आशेनं विचारलं, "जागा हाय का?"

मी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला. उत्तर मात्र मागून आलं.

"एकच होती," शाहजादी म्हणाली. "ती भरली."